मनगटाच्या वरची अक्षरं

प्रिय ऋषी,

तुला जिच्याशी लग्न करायचं आहे ती मुलगी मीच आहे का? हा प्रश्न मी बरेच दिवस स्वतःला विचारते आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. मुलांना रोज सांगते, प्रश्नाला घाबरू नका, निरीक्षण करा, उत्तर सापडतं. इथं निरीक्षण भरपूर झालं. उत्तर काही सापडत नाही. शाळा सुटली आहे. सातवीच्या रिकाम्या वर्गात, खिडकीपाशी ऊन येतं त्या बाकावर बसून लिहिते आहे. इंदापूरहून पळसदेवला जाणारी गाडी यायला अजून अवकाश आहे आणि आज तुझ्याशी बोलल्याशिवाय घरी जायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तुझं पत्र पोचलं. भोसरीची थंडी, मेसमधली पाणचट आमटी, रात्रपाळीनंतर न येणारी झोप, सगळं वाचलं. तुझ्या पत्राला मशीनच्या तेलाचा वास येतो, हे तुला माहीत आहे का? मी ते उशीखाली ठेवत नाही, विज्ञानाच्या पुस्तकात ठेवते, म्हणजे दिवसभर जवळ राहतं. शेवटी तू विचारलं आहेस, ‘हात कसा आहे? अजून दुखतो का?’ दुखत नाही, ऋषी. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण मला आधी थोडं मागं जाऊ दे.

तुला बारामतीच्या होस्टेलमधले आमचे रविवार ठाऊक नाहीत. तुझ्या बहिणीनं, छकुलीनं, ते तुला कशाला सांगितले असतील! रविवारी आमच्या खोलीत छकुलीचा कारखाना चालायचा. शनिवारी ती मसूरडाळ खलबत्त्यात कुटायची, माझ्या जुन्या ओढणीतून गाळायची. तुझ्या वडिलांना, आप्पासाहेबांना, साखर कारखान्याचे सभासद म्हणून मिळालेल्या साखरेतली पिशवीभर साखर तिच्या ट्रंकेत कायम असायची. ती साखर लिंबाच्या रसात कालवून ती चेहऱ्याला लावायची आणि बोटांनी गोल गोल घासत बसायची. बाजारपेठेत एका पार्लरवाल्या ताईंनी तिला सांगितलं होतं की वरची मेलेली कातडी निघाली की आतली उजळ कातडी दिसते. मग काय! मी तिला पेशींचे थर समजावून सांगायची, रंग कुठल्या थरात तयार होतो तेही सांगायची. ती म्हणायची, “तुझं शास्त्र परीक्षेला लिही दिशे, हितं पाठ घास.” मी तिची पाठ घासायची, ती माझे कोपर. टाचांना वजरीचा दगड, कोपरांना साखर, गालांना मसूर, आणि शेवटी मेसच्या दुधावरची चोरलेली साय. एकदा तिनं इतकं घासलं की नाकाचा शेंडा लाल झाला आणि सोमवारी प्रॅक्टिकलला सगळ्यांनी विचारलं, रडलीस का गं? ती म्हणाली, “व्हय, उजळ व्हायला रडावं लागतंय.”

माझ्या उजव्या हाताशी आली की मात्र ती थांबायची. मनगटाच्या वर, बाहेरच्या बाजूला माझं गोंदण. ‘जय भीम’. त्या दोन शब्दांना वळसा घालून ती घासायची आणि म्हणायची, “तुझ्या बाबासाहेबांना धक्का लावत न्हाय बाई, न्हाय तर तुझे दादा हितं येऊन भाषण देतील.” आम्ही दोघी हसायचो. तिच्या तोंडून ते मला कधी टोचलं नाही. एका ताटात जेवणाऱ्या मुलीचं काय टोचणार?

मी लहान असताना एका चौदा एप्रिलला इंदापुरात मिरवणुकीच्या कडेला गोंदणारा बसला होता. दादांनी, माझ्या वडिलांनी, मला खांद्यावरून उतरवलं आणि माझा हात त्याच्यासमोर धरला. मशीन गुणगुणायला लागलं तशी मी रडायला लागले, आणि दादा माझ्या कानात सांगत होते, “सुईकडं बघू नको, निळ्या झेंड्याकडं बघ.” मी झेंड्याकडे बघत राहिले. नंतर शाळेत, कॉलेजात, बी.एस्सी.चा निकाल घेताना, नोकरीच्या मुलाखतीला टेबलावर हात ठेवताना ती अक्षरं माझ्यासोबत होती. फळ्यावर लिहिताना बाही वर सरकते आणि सगळा वर्ग ती वाचतो. मी कधी झाकली नाहीत आणि मिरवलीही नाहीत. आपलं नाक आपण मिरवतो का?

तू पहिल्यांदा होस्टेलवर आलास तो हुरड्याची पिशवी घेऊन. छकुली आंघोळीला गेली होती म्हणून दारावरच्या मावशींनी मला बोलावलं. तू पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, “गार व्हायच्या आत खावा, तिला ठेवलं न्हाय तरी चालंल.” मी त्याच वेळी फसले. पुढच्या उन्हाळ्यात तू मोटारसायकलवर पळसदेवला आलास. धरणाचं पाणी उतरलं होतं, जुनं देऊळ उघडं पडलं होतं, आणि आपण चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवरून तिथपर्यंत चालत गेलो. गाव धरणात जाण्याआधी माझे आईवडील जिथं राहायचे ती वस्ती कुठं असेल ते मी तुला बोटानं दाखवत होते. दाखवायला काहीच नव्हतं, नुसती सपाट ओल. तू ते बोट धरलंस. मग हात धरलास, आणि तुझा अंगठा हळूहळू वर सरकत त्या अक्षरांवर आला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, “हे जरासं उंच लागतंय. न बघता वाचता येतंय.” ऋषी, त्या दिवसानंतर कितीतरी वेळा मी स्वतःचं बोट तिथून फिरवून बघितलं. स्वतःच्या बोटाला ते तसं लागत नाही.

आता तुझ्या आईंबद्दल. मला त्यांचा राग नाही, हे आधी सांगते. दिवाळीनंतर तू मला तुमच्या घरी, पिंपळीला घेऊन गेलास तेव्हा त्यांनी मला थेट चुलीपुढं बसवलं. मी भाकरी थापत होते आणि त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मला वाटलं भाकरीकडे बघतात. तू आणि आप्पासाहेब मोटार बघायला विहिरीवर गेलात, तेव्हा त्या पाट ओढून जवळ बसल्या. “हात चांगला हाय तुझा,” म्हणाल्या. “भाकरी फुगती. शिकल्याली हाईस, कमावतीस, माझ्या छकुलीला बहिणीसारखी हाईस. मला तू हायेस तशी चालतीस पोरी. पन माझ्या जावांना न्हाय चालायची.” मग त्यांनी सगळं मांडून दाखवलं, जसं काही पेरणीचं नियोजन करावं. आडनाव गायकवाड, ते आमच्या जातीतही असतं. गाव पळसदेव, ते धरणात गेलं, सगळे पाहुणे पांगले, आता कोण कुणाचं मूळ शोधत बसतंय? लग्न आळंदीला उरकायचं, मोजक्या माणसांत. नाव लग्नात बदलायचंच असतं, कुठलंही ठेवू. “समदं जमतंय बघ. येवढा हात तेवढा बोलतोय.” आणि त्यांनी पदराच्या टोकानं माझ्या मनगटावरचं पीठ पुसलं, जणू ती अक्षरंही पिठासारखी पुसली जातील.

त्या वाईट बाई असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी निघताना माझी ओटी भरली, बाहेरच्या दारापर्यंत आल्या. तुझ्यासाठी त्या एवढं खोटं बोलायला तयार झाल्या, हे आईचं प्रेमच ना? एसटी स्टँडवर मी तुला सगळं सांगितलं. तू म्हणालास, “मला काहीच फरक पडत न्हाय, दिशा. आईसाठी. नुसतं लग्न होईस्तोवर.” मी तुला विचारायला हवं होतं, लग्न झाल्यावर ते परत उगवणार आहे का? पण गाडी लागली होती आणि तुझे डोळे भरले होते. तुझे डोळे भरलेले मला बघवत नाहीत.

पुढच्या खेपेला तू पुण्याच्या कॅम्पातून ते यंत्र आणलंस. हाताच्या मुठीत मावणारं, सेलवर चालणारं, पुढं खरखरीत बारीक चकती. घरच्या घरी चेहऱ्याची कातडी मऊ करायचं साधन. सोबतच्या कागदावर काय लिहिलं होतं ते तू वाचलं नव्हतंस, मी वाचलं. चकती फक्त अगदी वरच्या थरासाठी आहे, आठवड्यातून एकदाच, हलक्या हातानं, एका जागी थांबायचं नाही, जखमेवर वापरायची नाही, नंतर उन्हात जायचं नाही. गोंदणाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, असायचं कारणच नव्हतं. शाई त्या थराच्या खूप खाली असते. मी प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली आहे, मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तुलाही मी सांगितलं. तू म्हणालास, थोडं थोडं करत गेलं तर जाईल.

आणि मी ते केलं. सुट्टीच्या दिवशी आई रानात गेली की मागच्या न्हाणीत बसायचं. आधी छकुलीची साखर, मग चकती, मग वजरी, आणि शेवटी शेवटी मीठ. उजवा हात डाव्या हातानं घासायचा म्हणजे सारखा घसरतो. कागदावर लिहिलेलं काहीच मी पाळलं नाही. छकुली एकदा घरी आली होती, तिनं ते बघितलं आणि यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. “अगं ए शास्त्रज्ञ, हे माझ्या टाचांला तरी उपयोगी पडंल, तुला काय हाताचं हाड बघायचंय का?” ती हसत म्हणाली. यंत्र ती घेऊन गेली, तरी वजरी होतीच की घरात.

मी हे का करत होते ते तुला कळावं म्हणून लिहिते. मला वाटायचं, एवढी आग झाली म्हणजे मी तेवढी तुझ्या जवळ आले. आग जास्त, अंतर कमी. तू भोसरीला यंत्रांच्या आवाजात उभा असशील आणि मी इथं घासत घासत तुझ्या घराच्या उंबऱ्याकडे सरकते आहे, असं काहीतरी. तुझी इतकी आठवण यायची की तिला हाताला काम द्यावं लागायचं.

व्हायचं तेच झालं. कातडी सोलली, पाणी सुटलं, खपली धरली. खपली पडल्यावर खाली आधी गुलाबी, मग शाळेत येण्याजाण्याच्या उन्हानं काळपट डाग. त्या डागात अक्षरं तशीच. ‘जय’ जरा विस्कटला, ‘भीम’ हलला नाही. आईला मी सांगितलं, उसाचा पाला लागला. आई म्हणाली, “उसाचा पाला काय रेघा मारून कापतोय व्हय गं?” आणि पुढं विचारलं नाही. तिनं दादांना सांगितलं असणार. दादा अंगणात पाइपाचं तोंड तारेनं आवळत बसले होते. मला जवळ बोलावलं, हात हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. मी वाट बघत होते की आता ओरडतील. छप्पन साली माझ्या आजोबांनी काय सोसलं ते सांगतील, भाषण देतील. ते पाइपाकडे बघत म्हणाले, “खोल गोंद म्हनलं हुतं त्याला मी. म्हनलं, पोरीचं पुसायला नगं. तुला लय तरास झाला. माझंच चुकलं म्हनायचं.” मग उठले, बांधावरून कोरफडीचं पान तोडून आणलं, सोलून माझ्या हातावर ठेवलं आणि पुन्हा तार आवळायला बसले. ऋषी, त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. कशासाठी घासलंस असं विचारलं नाही. रागावले असते तर मी भांडले असते, माझ्याकडे खूप मुद्दे तयार होते. त्यांनी माफी मागितली.

परवा सातवीला त्वचेचा धडा होता. मी फळ्यावर थर काढले. सारजा नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, ती म्हणाली, “बाई, तुमच्या हाताला काय झालंय? भाजलंय का?” मी म्हणाले, नाही, घासलं. ती म्हणाली, “मळ लई हुता का?” सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण खडू हातात तसाच राहिला. मी या मुलींना सांगते की शिका म्हणजे कुणापुढं हात झाकायला लागणार नाहीत. त्यांच्या पुस्तकात नाही असं हे एकच वाक्य मी माझ्या पदरचं शिकवते.

तू विचारलंस, दुखतो का? दुखत नाही, कारण तिथं आता काही कळतच नाही. डागावर बोट ठेवलं तर दाब कळतो, स्पर्श कळत नाही. गार पाणीही कळत नाही. हळूहळू येईल म्हणे. तू आता तिथं अंगठा ठेवलास तर मला समजणार नाही, आणि तुलाही काही उंच लागणार नाही. हे मला सगळ्यांत जास्त जड जातं. दुसरं सगळं मी सोसलं असतं रे.

आता कालचं. तुझ्या आईंनी छकुलीकडून निरोप धाडला होता, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, दिशाला घेऊन ये, जावा येणार आहेत, त्यांच्या नजरेखालून घालते. आणि वर एक, लांब बाह्यांचा ब्लाउज घाल म्हणावं. मी तसा शिवून घेतला होता. काल सकाळी तो अंगात घातला, आरशात बघितलं आणि काढून ठेवला. नेहमीचाच घातला, शाळेत घालते तो. भिगवणला गाडी बदलून दुपारी पिंपळीत पोचले. तुमची ओसरी बायकांनी भरली होती. तुझ्या आईंची नजर आधी माझ्या हातावर गेली, मग त्यांनी मला कोपऱ्यात, खांबाआड बसवलं. तुझ्या मोठ्या काकी, द्वारकाबाई, शेजारी होत्या. त्यांनी मला छान हसून विचारलं, “तू कुनाच्यातली गं पोरी?” मी तोंड उघडायच्या आत तुझ्या आई तिकडून म्हणाल्या, “पळसदेवच्या गायकवाडांची. आपल्यातलीच हाय, धरणात गेलं समदं त्यांचं.” मग छकुली तबक घेऊन आली, तिच्यामागं तुझ्या आई अत्तर घेऊन. एकेकीचा हात घ्यायचा, पालथा करायचा, त्यावर अत्तराचा फाया फिरवायचा. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी हात पुढं केला. द्वारकाबाई वाकून म्हणाल्या, “आगं बया, ह्ये काय झालंय?” तुझ्या आई म्हणाल्या, “भाजलंय लेकराला, त्याल उडालं.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, ऋषी, की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आणि मी म्हणाले, “भाजलं नाही काकी, मीच घासलंय. ‘जय भीम’ आहे ते, अजून वाचता येतं. आम्ही बौद्ध आहोत. मी कुंकू लावत नाही, तिळगूळ घेईन. आणि ऋषिराजशी माझं लग्न ठरवायचं चाललंय, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून आले.” दोघी-तिघी वाण न घेता उठल्या, चपला शोधायला लागल्या. द्वारकाबाई तुझ्या आईंना म्हणाल्या, “लीलाबाई, आपल्यातलीच म्हनालीस न्हवं?” आणि तोंडाला पदर लावून बसून राहिल्या, पण उठल्या नाहीत. छकुलीनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, “गोड बोल बाई, आता तरी!” तुझ्या आई आत निघून गेल्या. मी निघाले तेव्हा त्या मागच्या दारानं बाहेर आल्या. रडल्या नव्हत्या, चेहरा कोरडा होता. म्हणाल्या, “मी समदं जमवलं हुतं, तू येका दमात उसवलंस. आता त्याला मी फोन करनार न्हाय. तुझ्या तोंडानं उसवलंस, तुझ्या हातानं त्याला कळव.” म्हणून हे पत्र, ऋषी. त्यांनी मला सांगितलं आणि मला ते पटलं. तू ये किंवा विचार करायला वेळ घे, मी तुझी वाट बघणारच आहे, त्याचं मला काही करता येत नाही. पण येशील तेव्हा असं समजून ये की झाकून आत नेण्याजोगं आता काही राहिलेलं नाही. तुझ्या घरच्या ओसरीवर, तुझ्या आईच्या समोर, मी कोण आहे ते मी सांगून आले आहे.

तुझीच,
दिशा ज्ञानदेव गायकवाड